बियाण्यासोबत कारणही यावं

रोहिणखेड, १५८२

सकाळची वेळ आहे. तुमच्या पाठीशी बालाघाटाची धार उभी आहे आणि समोर पायनघाटाची काळी जमीन पूर्णेच्या दिशेने उतरत गेली आहे. आजही बुलढाण्याची माणसं गावाची ओळख देताना ‘घाटावरचं’ की ‘घाटाखालचं’ हे आधी सांगतात. रोहिणखेड घाटाखालचं. दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवरचं हे गाव.

तुम्ही उभे आहात तिथे खुदावंदखान महदवीची मशीद उठते आहे. इमारत लहान आहे, पण देखणी. छिन्नीचा आवाज एका लयीत येतो. एक म्हातारा पाथरवट दगडावर हातोडी टेकवतो, कान लावतो आणि दगड बाजूला सारतो. आतून तडा आहे, हे त्याला आवाजावरून कळलं. शेजारचा पोरगा तो आवाज मनात साठवून घेतो. त्याचं शिक्षण ते हेच. खानाने पैसा आणला, पाथरवटाने हुन्नर आणलं, दोघांच्या मेळातून इमारत उभी राहते आहे. पण हुन्नर त्या एका घरात राहील. घर तुटलं तर तेही तुटेल.

आणि इथे घरं तुटत आली आहेत. १४३७ मध्ये खानदेशचा नासीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला, तेव्हा बहमनी सरदार खलफ हसनने त्याला याच गावापाशी मोडला. आता आणखी आठ-नऊ वर्षांत बुऱ्हाण निजामशाह आणि खानदेशचा राजा अलीखान इथेच अहमदनगरची सत्ता हाती घेतलेल्या जमालखानाला गाठतील आणि जमालखान इथेच पडेल. वाटेवरच्या गावाचं नशीब असंच असतं. सगळं त्याच्या अंगावरून जातं, त्याच्यासाठी म्हणून काही थांबत नाही. ज्ञानाच्या बाबतीतही पुढची चारशे वर्षं हाच प्रश्न राहणार आहे. म्हणून ही वाट धरून पुढे चला.

खामगाव, १८७०

मार्च महिना. तुम्ही कापसाच्या गाडीवर गाडीवानाच्या शेजारी बसला आहात. पुढे-मागे गाड्याच गाड्या. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीवर खिळली. मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा होऊन तीन वर्षं झाली आहेत. जलंबहून खामगावला आलेल्या नव्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला आहे.

सरकारने कापसासाठी खास कमिशनर नेमला आहे. त्याच्या कचेरीत तक्ते आहेत, नमुने आहेत, तालुकावार आकडे आहेत. त्या सगळ्यातून एकच तक्रार निघते. वऱ्हाडातली लांब धाग्याची ‘बनी’ मागे पडते आहे आणि आखूड, राठ ‘जरी’ वाढते आहे. साहेबाला वाटतं, शेतकरी आळशी आहे.

तुम्ही गाडीवानाला विचारता, “बनी काऊन नाही पेरत तुम्ही?”

तो कासरा सैल सोडतो. “जरी जास्त पिकते जी. सरकी काढल्यावर रुईही जास्त निघते. अन् बाजारात दोन्हीले भाव सारखाच. मंग बनी पेरून कोनाचं भलं करू?”

कचेरीतल्या कोणत्याही तक्त्यात नसलेलं उत्तर त्याने चार वाक्यांत दिलं. गिरणीला लांब धागा हवा असेल तर तिने त्याचा वेगळा दाम मोजायला हवा, एवढी साधी गोष्ट. पण गिरणी मँचेस्टरला आहे, कमिशनर कचेरीत आहे, गाडीवान रस्त्यावर आहे. तिघांना एका जागी बसवणारं कोणी नाही. खामगावहून माहिती वर जाते आणि वरून खाली फक्त मागणी येते.

माटुंगा, १९२४

आता मुंबईत या. माटुंग्याच्या एका नव्या इमारतीत चरख्यांपेक्षा मोठी आणि गिरणीतल्या यंत्रांपेक्षा लहान अशी कताईची यंत्रं मांडलेली आहेत. ही टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी आहे. ती इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने काढली. कमिटी १९२१ ची. तिच्यात गिरणीवाले, व्यापारी, शेतीखात्याचे शास्त्रज्ञ आणि कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसतात. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गासडीमागे काही आण्यांचा उपकर बसला आणि त्या पैशावर संशोधन चालतं. धंदाच आपल्या मिळकतीतून ज्ञानाचा खर्च उचलतो, अशी ही भारतातली सुरुवातीची मोठी व्यवस्था.

एका टेबलावर रुईची छोटी पुडकी ठेवली आहेत. देशभरच्या प्रयोगशेतांवरून आलेली. पूर्वी पैदासकार नवा वाण काढायचा आणि त्याचं सूत कसं निघेल हे कळायला वर्षं लागायची, कारण गिरणीला गाडीभर माल लागे. आता मूठभर नमुना इथे येतो, कातला जातो, सुताचा नंबर आणि बळ मोजलं जातं आणि कागद परत शेतावर जातो. खामगावच्या रस्त्यावर जो दुवा नव्हता, तो इथे जुळला आहे.

याच कमिटीच्या मदतीने इंदूरला वनस्पती उद्योगाची संस्था उभी राहते. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर लावून खत कुजवतात. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघतं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर जाते. लक्षात ठेवा, ही पद्धत म्हणजे शेतकरी पूर्वीपासून खत कुजवत आले त्या रीतींचंच शिस्तबद्ध रूप आहे. पैसा कापसाच्या धंद्याचा, मापन शास्त्रज्ञाचं, मूळ पद्धत शेतकऱ्यांची. तीन धागे इथे एकत्र वळले.

माटुंग्याहून निघण्याआधी आणखी एक दार पाहा. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तीच आपली यूडीसीटी, आजची आयसीटी. सुरुवातीचे अभ्यासक्रम वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकीचे, कारण शहरातल्या गिरण्यांना तीच माणसं हवी होती. इथल्या प्राध्यापकांनी पुढे कारखान्यांना सल्ला देण्याची परंपराच घडवली. कारखान्याची अडचण फळ्यावर यायची आणि फळ्यावरचं उत्तर कारखान्यात जायचं. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर याच शाळेचे. पण ही देवाणघेवाण शहरातल्या शहरात झाली. रोहिणखेडच्या वाट्याला काही यायचं तर ज्ञानाला पुन्हा घाट उतरावा लागेल.

दिल्ली आणि जालना, १९५९ ते १९६४

डिसेंबर १९५९. दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं आहे. ते भरवण्यामागचा माणूस वऱ्हाडातला आहे, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख, देशाचे कृषिमंत्री. शेतकऱ्याने जग पाहावं आणि जगाने त्याला पाहावं, हा त्यांचा ध्यास.

त्याच सुमारास जालन्याचा एक तरुण शेतकरी दिल्लीच्या पुसा संस्थेतून भेंडीचं बियाणं घेऊन परततो. वाणाचं नाव ‘पुसा सावनी’. भेंडीची पानं पिवळी पाडून पीक बुडवणाऱ्या केवडा रोगापुढे तेव्हा हा वाण टिकत होता. माणसाचं नाव बद्रीनारायण बारवाले. तुम्ही त्यांच्या बांधावर उभे राहून पाहा. शेजारी भेंडी पाहायला येतात, हिरवीगार पानं उलटून बघतात आणि बी मागतात. पुसाचे शास्त्रज्ञ वाण घडवू शकत होते. पण हजारो शेतांना पुरेल एवढं, शुद्ध राखलेलं, वेळेवर पोचणारं बी त्यांच्याकडे नव्हतं. ती जागा बारवाल्यांनी ओळखली.

१९६४ मध्ये जालन्यात बारवाल्यांची बियाणे कंपनी महिको उभी राहते. त्याच वर्षी देशात संकरित ज्वारीचा पहिला वाण सीएसएच-१ येतो. तो सरकारी संशोधनातून आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्यातून आला. वाण सार्वजनिक, बी तयार करणारा खासगी, शेत शेतकऱ्याचं. संकरित बियाण्याला दर वर्षी दोन वेगळे जनक वाण शेजारी-शेजारी लावून संकर करावा लागतो. हे काम प्रयोगशाळेच्या आवारात मावत नाही, त्याला गावंच्या गावं लागतात. जालना परिसरात आणि पलीकडच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या पट्ट्यात बीजोत्पादनाचं जे कसब आज शेडनेटखाली दिसतं, त्याचं मूळ या गरजेत आहे. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो या जोडणीसाठी.

अकोला, १९६७

ऑगस्टचा महिना. हवेत दमट उकाडा आहे आणि रस्त्यावर विद्यार्थी आहेत, शेतकरी आहेत, वकील आहेत, दुकानदार आहेत. मागणी अशी की विदर्भाला कृषी विद्यापीठ हवं आणि ते अकोल्यात हवं. घोषणांमध्ये अचानक गोळीबाराचा आवाज मिसळतो. या आंदोलनात माणसं मेली.

इथे क्षणभर थांबा. धरणासाठी, भाषेसाठी, सीमेसाठी लोक रस्त्यावर उतरले हे आपण ऐकलं आहे. इथे माणसं विद्यापीठासाठी गोळी झेलत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांनी विद्यापीठाची पायरीही चढली नसेल. त्यांना कळलं होतं की ज्ञान तयार करणारी जागा आपल्या मातीत नसेल, तर आपल्या मातीचे प्रश्न कोणी हाती घेणार नाही. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं. नाव पंजाबरावांचं, पंजाबराव कृषी विद्यापीठ, म्हणजे पीकेव्ही. ते पाहायला पंजाबराव नव्हते, १९६५ मध्येच ते गेले होते.

म्हणून विद्यापीठाने कोणाशीही करार करताना समोर रिकामी खुर्ची नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. त्या खुर्चीत हे लोक बसलेले आहेत.

१९७६ मध्ये अकोल्यातच महाबीज, म्हणजे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, निघालं. त्याची रचना नीट पाहा. राज्य सरकार, राष्ट्रीय बीज निगम, कृषी विद्यापीठं आणि बियाणं पिकवणारे शेतकरी, असे सगळे तिथे भागधारक आहेत. विद्यापीठ पैदासकार बियाणं देतं, त्यापासून पायाभूत बियाणं होतं, पायाभूतपासून प्रमाणित, आणि शेवटचा टप्पा शेतकऱ्यांच्या शिवारात पार पडतो. या व्यवस्थेत शेतकरी गिऱ्हाईकही आहे आणि मालकही. शंभर वर्षांपूर्वीचा खामगावचा गाडीवान हे पाहून थक्क झाला असता.

कपाशीचा प्लॉट, १९८० चं दशक

ऑगस्ट-सप्टेंबरची दुपार. वऱ्हाडातल्या कोणत्याही बीजोत्पादनाच्या प्लॉटवर या. विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ हा संकरित कापूस आता गावोगाव ओळखीचा झाला आहे. पऱ्हाटीच्या ओळी दोन प्रकारच्या आहेत. बहुतेक मादी वाणाच्या, आणि एका कडेला थोड्या नर वाणाच्या.

ऊन उतरलं की काम सुरू होतं. तुमच्या शेजारची बाई उद्या सकाळी उमलणारी कळी अचूक हेरते. कालची नाही, परवाची नाही, उद्याचीच. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी रोवून ती पाकळ्या आणि परागांची नळी एका फिरकीत अलगद काढून घेते. आतली नाजूक कुक्षी शाबूत राहते. वर कागदाची लाल टोपी. तुम्ही करून पाहता आणि पहिल्याच कळीला नख अंडाशयाला लागतं. ती कळी उद्या गळून पडेल. बाई हसत नाही. तुमचा अंगठा धरून नेमका कोन दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडालं की नर फूल तोडून त्याचे पराग कुक्षीवर फिरवायचे, देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचं बोंड म्हणजे संकराचं बोंड. आपोआप धरलेलं प्रत्येक बोंड शोधून तोडायचं, नाही तर बियाण्यात भेसळ होते. हंगाम संपल्यावर नमुना पेरून शुद्धतेची चाचणी होते. त्यात प्लॉट नापास झाला तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

संकरित वाणाची संकल्पना विद्यापीठाची, विक्री कंपनीची. पण दोघांमध्ये हे नख नसतं तर वाण कागदावरच राहिला असता. करारात या कौशल्याला मात्र मजुरी म्हणतात. त्याला पदविका नाही, प्रमाणपत्र नाही, बियाण्याच्या नफ्यात वाटा नाही. देशात अनेक ठिकाणी हे काम शाळकरी मुलींकडून करून घेतलं गेलं, हे तर लाजिरवाणं आहे. ज्ञानाची देवाणघेवाण झाली असं म्हणायचं असेल, तर या बाईने काय दिलं आणि तिला काय मिळालं, हा हिशेब मांडल्याशिवाय म्हणता येणार नाही.

नांदेड, चंद्रपूर जिल्हा, १९९४

ही वाट थोडी पूर्वेकडे वळवू. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे धानाच्या बांधीत उभे आहेत. काही वर्षांपूर्वी ‘पटेल-३’ या वाणाच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. बारीक दाण्याचा, चवीचा, जास्त उतारा देणारा तांदूळ निघाला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले आणि तो जिल्ह्यांच्या, मग राज्यांच्या सीमा ओलांडून गेला.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बी नेलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला. श्रेयाचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला, नाव झालं, पण त्या तांदळाच्या कोट्यवधींच्या बाजारातून त्यांच्या घरात काही आलं नाही. २०१८ मध्ये ते गेले.

विद्यापीठाकडून गावाकडे, असा ज्ञानाचा एकच उतार आपण गृहीत धरतो. दादाजींच्या बांधीत ज्ञान उलट दिशेने गेलं, आणि त्या दिशेने जाताना पावती देण्याची पद्धतच नव्हती. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने ती पद्धत दिली. शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावावर नोंदवता येतो. आणि त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. नोंदणीकृत वाणाचं बी विकणाऱ्याने कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न अपेक्षित आहे ते शेतकऱ्याला सांगितलं पाहिजे, आणि तसं घडलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. सांगण्याची जबाबदारी कायद्यात आहे. आता पाहा ती शिवारात कशी पाळली गेली.

रोहिणखेड, २००२ ते २०१७

२६ मार्च २००२. दिल्लीत महिकोच्या तीन बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या, कापूस वाणांना मंजुरी मिळते. महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी हे तंत्रज्ञान देशातल्या इतर बियाणे कंपन्यांनाही शुल्क घेऊन देते. ४५० ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या पुढे असतं आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. २००६ मध्ये सरकारी हस्तक्षेपानंतर किंमत ७५० वर येते. बोंडअळी आवरली जाते, फवारण्या घटतात, पीक वाढतं. हे खरं आहे आणि शेतकऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता घाटाखालच्या एका घराच्या ओसरीवर बसा. मिरग लागला आहे, पाकीट फोडलं जातं. आत आणखी एक लहान पुडी निघते, १२० ग्रॅमची, साध्या बिगर-बीटी सरकीची. “हे काऊन देलं जी?” कोणी तरी विचारतं. उत्तर कोणालाच माहीत नाही. पुडी कोनाड्यात जाते.

कारण असं होतं. बीटीच्या झाडावर जगून राहणारी एखादी अळी निघतेच. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाशी जुळला तर पिल्लं विष पचवणारी होतात. पण शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी असल्या तर तिथे साधे पतंग भरपूर वाढतात, जोडी त्यांच्याशी जुळते आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. कोनाड्यातली ती पुडी म्हणजे सगळ्या शिवाराचा विमा होता. पण एकट्याने पेरून उपयोग नव्हता, आणि ज्याने पेरली त्याचं थोडं पीक अळीने खाल्लं असतं. म्हणून कारण समजावून सांगणं, गावाने मिळून ठरवणं, जो कडेच्या ओळी लावेल त्याची तूट भरून काढणं, हे सगळं बियाण्याइतकंच आवश्यक होतं. आलं फक्त बियाणं.

२०१७ चा हिवाळा. बोंड उकलतच नाही. तुम्ही एक तोडून फोडता आणि आत गुलाबी अळी वळवळते. धागा पिवळा, सरकी पोखरलेली. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबवलेल्या कपाशीने, म्हणजे फरदडीने, अळीला हंगाम संपल्यावरही अन्न पुरवलं, हेही खरं. पण फरदड का घेऊ नये, हेही वेळेत आणि पटेल असं कोणी सांगितलं?

सरकारी संस्थांनी हे एकट्याने केलं असतं तर जमलं असतं, असंही समजू नका. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी २००८ मध्ये ‘बिकानेरी नरमा’ हा बीटी वाण आणला होता. बी घरचं राखता येईल, दर वर्षी विकत घ्यावं लागणार नाही, असा. पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश सापडला, विक्री थांबली आणि चौकशी समिती बसली. उद्देश चांगला होता, शिस्त कमी पडली. विश्वास दोन्हीकडून तुटू शकतो. कंपनी कारण सांगत नाही तेव्हा तुटतो, आणि विद्यापीठ तपासणीत ढिलाई करतं तेव्हाही तुटतो.

डाळीची गिरणी, आज

तुरीचं खळं झालं आहे. तुम्ही घाटाखालच्या एका गावात, बचत गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरता. आत डाळ मिल घरघरते आहे. अकोल्याच्या विद्यापीठाने घडवलेली ही पीकेव्ही मिनी डाळ मिल. विदर्भात तूर मोठी पिकते, पण पिढ्यान् पिढ्या ती पोत्याने विकली गेली आणि डाळ होऊन दुप्पट भावाने परत आली. घरी करायची तर लाल मातीत भिजवून, वाळवून जात्यावर भरडायची. डाळ कमी, चुरा जास्त, खांदे दुखून जायचे. मोठ्या डाळ मिलसाठी लागणारं भांडवल गावाकडे नव्हतं.

विद्यापीठाच्या अभियंत्यांनी मधली जागा शोधली. तुरीला आधी रोलरवर हलक्या चिरा पाडायच्या, म्हणजे टरफल सैल होतं. मग तेल-पाण्याची प्रक्रिया, उन्हात वाळवण, पुन्हा रोलर, आणि शेवटी चाळण्या. एका बाजूने फटका डाळ, दुसऱ्या बाजूने चुणी, तिसऱ्या बाजूने टरफल. चुणी-टरफल जनावरांना. दाण्याचं टरफलच सुमारे बारा-पंधरा टक्के असतं, त्यामुळे बाकी जितकं डाळ म्हणून वाचेल तितका फायदा. यंत्र विद्यापीठाने रचलं, पण पत्रा कापणारे, शाफ्ट कातणारे, एमरीचे रोलर बसवणारे हात कारखानदारांचे. विद्यापीठाने तंत्र दिलं, कारखान्यांनी यंत्र बनवून विकलं, गटांनी आणि तरुणांनी चालवलं.

मशीनजवळची बाई मूठभर डाळ तळहातावर घेते, कड पाहते आणि चाळणीचा कोन बदलते. “ह्या साली पावसाची तूर हाय, भिजवन कमी द्या लागते,” ती म्हणते. हे कोणत्याही माहितीपत्रकात नाही. तिचं हे वाक्य अकोल्याला पोचलं तर पुढची मिल सुधारेल. पोचवायचं कोणी?

एक रस्ता आहे आणि तो आपल्याकडे रुळलेला आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलं-मुली कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. गावं त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ती अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया दाखवतात, माती तपासतात. त्याच वर्षात त्यांना काही काळ शेतीशी निगडित एखाद्या उद्योगातही काम करावं लागतं. म्हणजे एकच मुलगी वर्षभरात विद्यापीठ, कंपनी आणि गाव या तिन्ही ठिकाणी वावरते. तिच्या वहीत त्या बाईचं वाक्य आलं आणि ती वही नुसती गुणांसाठी जमा न होता अभियंत्याच्या टेबलावर गेली, तर दुवा जुळला.

रोहिणखेड, पुढचा मिरग

शेवटचा टप्पा अजून घडलेला नाही, तो तुम्ही घडवायचा आहे. ग्रामपंचायतीच्या आवारात बैठक बसली आहे. विद्यापीठाचा माणूस आहे, बियाणे कंपनीचा आहे, डाळ मिलवाली बाई आहे, बीजोत्पादनाचा प्लॉट करणारे आहेत. समोर करार आहे. तुम्ही तो मोठ्याने वाचा आणि चार गोष्टी त्यात आहेत का ते पाहा.

पहिली, कारण. प्रत्येक वाणासोबत, प्रत्येक यंत्रासोबत ‘काय करायचं’ याच्या शेजारी ‘का करायचं’ हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं आणि गावात उभं राहून सांगितलेलं असावं. दुसरी, परतीची वाट. गावातली निरीक्षणं नोंदवून वर नेण्याची जबाबदारी नावासकट कोणावर तरी असावी, आणि त्यातून काही नवं निघालं तर ते ज्याचं त्याच्या नावाने जावं. तिसरी, वाटा. ज्या नखावर बियाणं उभं आहे त्या नखाला कौशल्याचं प्रमाणपत्र आणि मोबदला मिळावा. महाबीजच्या भागधारकांत शेतकरी बसू शकतो, तर प्रत्येक करारात तो का बसू नये? चौथी, अपयशाची नोंद. वाण फसला, यंत्र बिघडलं, अळी प्रतिकारक झाली, तर ते दोन्ही बाजूंनी जाहीर करावं, लगेच करावं.

यात कोणाचं नुकसान नाही. पुडीमागचं कारण पोचलं असतं तर कंपनीचं तंत्रज्ञान आणखी काही वर्षं टिकलं असतं. दादाजींना पावती दिली असती तर शेतकरी आपल्या निवडी अधिक विश्वासाने विद्यापीठाला देते. गाडीवानाचं म्हणणं ऐकलं असतं तर गिरणीलाही लांब धागा मिळाला असता. गावाला बाहेर ठेवून केलेल्या प्रत्येक भागीदारीने शेवटी तिन्ही बाजूंचं नुकसान केलं आहे, आणि जिथे गाव आत होतं तिथे ज्ञान टिकलं.

अकोल्यात विद्यापीठासाठी माणसांनी जीव दिला, तेव्हा त्यांनी हे विद्यापीठ आपलं मानलं होतं. त्यांचा हक्क वापरा. विद्यापीठाची शिवारफेरी असेल तेव्हा अकोल्याला जा, प्रयोगाच्या प्लॉटपुढे उभे राहा आणि विचारा. कंपनीचा माणूस पाकीट घेऊन दारात आला की विचारा. कृषिकन्या रांगोळी काढत असेल तेव्हा तिला सांगा, आणि तिलाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, कारण ज्या बियाण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, तेच बियाणं खऱ्या अर्थाने तुमचं असतं.